कानसेन आणि हवेची वाट

कानसेनचा कान कधी चुकत नाही! हे वाक्य त्याचं स्वतःचंच आहे, पण तो ते इतक्या ठामपणे आणि इतक्यांदा म्हणतो की आता गल्लीतली माणसंही तसंच म्हणायला लागली आहेत. फ्रिज, डीप फ्रीझर, कोल्ड रूम... जे जे म्हणून गार करतं आणि एके दिवशी गार करायचं सोडून देतं, ते ते कानसेन दुरुस्त करतो. आणि कशाने? कानाने! बाकीचे मेकॅनिक आल्या आल्या पाने काढतात, झाकण उघडतात, कोपरापर्यंत काळे होतात. कानसेन डोळे मिटतो, एक बोट वर करतो आणि ऐकतो. मग बोट खाली येतं आणि निकाल लागतो. पंख्याचं पातं घासतंय. गॅस कमी आहे. आत उंदीर आहे, आणि तो एकटा नाही.

मात्र गिऱ्हाइकासमोर ऐकायचं नाही, हा त्याचा नियम. गिऱ्हाईक फार बोलतं. म्हणून तो जाऊन फोनवर मशीनचा आवाज नुसता रेकॉर्ड करतो, समोर येईल ते खातो, आणि मग आपल्या दुकानात बसून निवांत ऐकतो. फोनमध्ये असे आवाजच आवाज! आणि एकालाही नाव नाही. निदान कोणता कुणाचा ते तरी लिहून ठेवत जा, असं बायकोने सुचवलं होतं. त्यावर तो हसला होता.

"अगं, आवाजाला नाव कशाला? आवाज हेच नाव."

हे वाक्य जपून ठेवा. पुढे लागेल.

तर असा हा कान! पण दुकानाचं शटर ओढलं की तोही बंद व्हायचा. घरातले दोन आवाज कानसेनला कधीच ऐकू आले नाहीत. पहिला, स्वयंपाकघरातल्या फ्रिजचा. हा फ्रिज गेले कित्येक महिने दम लागलेल्या म्हाताऱ्यासारखा कण्हत होता. बायको सांगायची, तो "बघतो" म्हणायचा, आणि फ्रिज बिचारा वाट बघायचा.

दुसरा आवाज खारूताईचा.

खारूताई म्हणजे त्याची लेक. पहिलीत जाणारी, मूठभर, एका जागी न बसणारी, म्हणून खारूताई. पण ही मूठभर मुलगी झोपली की असं वाटायचं, कुणीतरी फरशीवरून लोखंडी कपाट ओढतंय! पाहुणे आले की आधी बाहेर बघायचे, ट्रक आला काय म्हणून. आणि ते कपाट सरळ ओढलं जायचं नाही. ते असं:

घर्रर्र, घर्रर्र, घर्रर्र, घ

 

 

हुप्प! आणि पुन्हा घर्रर्र.

वर जी रिकामी जागा दिसतेय, ती छापखान्याची चूक नाही. तिथे खारूताईचा श्वास थांबला होता. तिची आई रोज त्या रिकाम्या जागेत उभी राहायची. हात पोरीच्या छातीवर, स्वतःचा श्वासही रोखलेला. हुप्प झालं की दोघीही एकदम हवा ओढायच्या.

बायको शाळांचे गणवेश शिवते. तिला कापडाला पडलेली साधी चूणही दिसते, मग हे कसं दिसणार नाही? पोरगी मान मागे टाकून, तोंड उघडं ठेवून झोपते. थंडीतही उशी घामाने ओली. सकाळी उठवावी तर डोकं दुखतं म्हणून रडते. शाळेतून बाईंचा निरोप आला की चित्रकलेच्या तासाला रंगपेटीवरच झोपली, आणि उठवल्यावर शेजारणीला चावली. घरी आली तेव्हा अर्धा गाल हिरवा होता.

कानसेनचं म्हणणं ठरलेलं. गाढ झोप लागते पोरीला, नशीबवान आहे! इंजिन जोरात आहे म्हणून आवाज आहे. गप्प असतं ते बंद मशीन. फार तर सर्दी असेल.

"सर्दी जाऊन जमाना झाला," बायको म्हणाली. "घोरणं इथेच आहे."

"मग सवय असेल."

"श्वास बंद पडायची?"

यावर तो म्हणाला, तू फार बारीक ऐकतेस. कानसेनने! बायकोला!

तिने वाद घातला नाही. कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाईंची सोमवार दुपारची वेळ घेतली. दवाखान्यातून सांगितलं, मुलगी झोपलेली असताना जमल्यास आवाज रेकॉर्ड करून आणा. बायकोचा फोन साबणाच्या बादलीत पोहून आल्यापासून बहिरा झालेला. म्हणून रविवारी दुपारी खारूताई झोपल्यावर तिने नवऱ्याचा फोन घेतला, आणि आवाज ठसठशीत यावा म्हणून स्टीलच्या पातेल्यात घालून पोरीच्या उशाशी ठेवला. नवरा पलीकडे लवंडला होता. तिने त्याला सांगितलंसुद्धा, की तुमच्या फोनमध्ये खारूचं रेकॉर्डिंग आहे बरं का, सगळ्यात शेवटचं. तो "हं" म्हणाला. झोपेतला माणूस जितक्या जबाबदारीने "हं" म्हणतो, तितक्याच जबाबदारीने.

आता सोमवार. आता खरी धमाल!

डॉक्टरकडे जायचं म्हणून खारूताईची शाळेला सुट्टी, आणि आई गणवेश पोचवायला गेलेली. म्हणून सकाळी स्वारी बाबांच्या दुकानात, उलट्या ठेवलेल्या खोक्यावर, पाय हलवत. एवढ्यात बेकरीवाल्या काकांचा फोन आला. त्यांची कोल्ड रूम नीट गार होत नव्हती. कानसेन शनिवारी जाऊन आवाज घेऊन आला होता, म्हणजे फोन कॉम्प्रेसरवर ठेवून स्वतः दोन पेस्ट्रींचा समाचार घेतला होता. काकांचा जीव टांगणीला. संध्याकाळी मुख्याध्यापिका निवृत्त होणार होत्या, त्यांचा तीन मजली केक आत उभा होता, आणि वरचा मजला हळूहळू खालच्या मजल्याच्या मांडीवर बसायला लागला होता.

"ऐकलंस का रे?" काकांनी विचारलं.

"आत्ता ऐकतो. फोन ठेवू नका, निकाल लगेच."

त्याने दुकानातल्या फोनचा स्पीकर चालू ठेवला, मोबाइल काढला, आणि सगळ्यात शेवटचं रेकॉर्डिंग लावलं.

घर्रर्र, घर्रर्र, घर्रर्र, घ

 

 

हुप्प!

पातेल्यातून आलेला तो आवाज लोखंडासारखा खणखणत होता. कानसेनने डोळे मिटले. बोट वर. खारूताईनेही डोळे मिटून बोट वर केलं, कारण बाबांचं बघून ती सगळंच करायची. आणि हळूहळू कानसेनचा चेहरा बदलला. इतकी वर्षं ऐकतोय, पण असलं काही...

"काका," तो म्हणाला, "हवेची वाट तुंबलीय. आत काहीतरी सुजून आडवं बसलंय. मशीन हवा ओढतंय, ओढतंय, मग गुदमरतंय, पार बंद पडतंय, आणि जीव खाऊन पुन्हा सुरू होतंय. हे किती दिवस चाललंय?"

काका चाचरत म्हणाले, आठवडा झाला असेल.

"आठवडा? हे जुनं दुखणं आहे! अहो, असं किती काळ चालेल ते? आजच्या आज उघडायला हवं. आणि खरं सांगू का, हा आवाज ऐकून जो माणूस स्वस्थ बसतो ना, त्याला मशीन ठेवायचा अधिकारच नाही."

पलीकडे बिचाऱ्या काकांना रडूच यायचं बाकी होतं. खारूताईने बापाकडे अशा नजरेने पाहिलं की जगात असा बाप दुसरा नाही. आणि तिने ती वाक्यं जशीच्या तशी डोक्यात घेतली. मुलांचं पाठांतर नको असतं तेव्हाच उत्तम होतं.

पुढे जे झालं ते एका दमात सांगावं लागेल, कारण ते झालंही तसंच! मशीन उघडायचं म्हणजे बंद करायचं, बंद करायचं म्हणजे माल हलवायचा, म्हणून केकचे खालचे दोन मजले फुलवालीच्या काचेच्या थंड कपाटात लिलीच्या गुच्छांमध्ये जाऊन बसले, वरचा मजला तिथे मावेना म्हणून दातांच्या डॉक्टरांच्या औषधांच्या छोट्या फ्रिजमध्ये गेला, तिथे खुर्चीत आ वासून पडलेल्या पेशंटने केक बघून तोंड मिटलं आणि डॉक्टरांचं बोट आत राहिलं, आणि उरले क्रीमचे चार मोठे ट्रे, ते कुठे न्यायचे म्हणून काका रस्त्याच्या मधोमध गोल गोल फिरायला लागले, तेव्हा कानसेनने छातीवर हात मारून सांगितलं की माझ्या घरी न्या, मेकॅनिकच्या घरचा फ्रिज आहे!

दार बायकोने उघडलं. तिने ट्रे पाहिले, नवऱ्याकडे पाहिलं, मग कण्हणाऱ्या फ्रिजकडे पाहिलं.

"ह्या फ्रिजमध्ये?" तिने एवढंच विचारलं.

तो घाईत होता. त्याने ट्रे आत कोंबले, गुडघ्याने दार लावलं आणि खारूताईला स्कूटरवर पुढे उभी करून परत बेकरीत पळाला. दुपारपर्यंत कॉम्प्रेसरचा नट न् नट सुटा झाला. आणि आत काय निघालं?

काही नाही!

स्वच्छ. कोरं. नव्या नवरीच्या पेटीसारखं चकचकीत. कानसेनने नळी फुंकून बघितली, दुसरीही फुंकून बघितली. हवा अशी सुळकन आरपार गेली की समोरच्या काकांचे केस उडाले. काकांनी विचारलं, सुजलेलं ते कुठे आहे? कानसेन म्हणाला, खोल आहे. मग त्याने घड्याळ पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा डॉक्टरांच्या वेळेचा त्याला आनंद झाला. सुटे भाग केकच्या खोक्यांत भरून, "कशाला हात लावू नका" असं बजावून, तो खारूताईला घेऊन दवाखान्याकडे सुटला. बायको तिथे आधीच पोचली होती.

डॉक्टरीणबाई बोलायला शांत आणि बघायला तीक्ष्ण. भिंतीवर कानाचं भलंमोठं चित्र होतं. कानसेनला ते बघून जरा बरं वाटलं. बाईंनी खारूताईच्या तोंडात उजेड टाकला, नाकात बघितलं, आईला विचारत गेल्या. रोजच घोरते का? हो. मध्येच थांबते? हो, आणि मग दचकून हवा ओढते. दिवसा? पेंगते, नाहीतर चिडते. कानसेन मधूनमधून गाढ झोपेबद्दल बोलायचा प्रयत्न करत होता. शेवटी बाई म्हणाल्या, रेकॉर्डिंग आणलंय का? ऐकवा.

बायकोने त्याच्या खिशाकडे बोट दाखवलं, तसा कानसेनने मोबाइल काढला. आता सकाळी सगळ्यात शेवटचं तर बेकरीचं होतं, तेव्हा पोरीचं त्याच्या आधीचं असणार! सरळ हिशेब. त्याने आधीचं लावलं.

हम्म्म्म्म्म्म्म्म्म.

एकसारखं. संथ. बाईंच्या भुवया वर गेल्या. बायकोच्या त्याहून वर. हम्म्म्म चालूच. मग मोबाइलमधून कानसेनचाच आवाज आला, तोंडात पेस्ट्री असल्यासारखा: "काका, दार ओढून घ्या जरा, गार हवा बाहेर चाललीय." आणि काकांचा: "अरे, ते लागतच नाही नीट, रबर फाटलंय." आणि पुन्हा हम्म्म्म.

बाईंनी थोडा विचार केला.

"मला वाटतं," त्या म्हणाल्या, "ह्याच्या दाराचं रबर बदलायला हवं."

कानसेनच्या कपाळावर घामाचे थेंब उभे राहिले. म्हणजे बेकरीचं हे. मग सकाळचं... बायकोने त्याच्या हातातून मोबाइल काढून घेतला आणि शेवटचं रेकॉर्डिंग लावलं. खोली त्या आवाजाने भरून गेली. खारूताई खुर्चीवर टुणकन उठून उभी राहिली. तिने आपलं घोरणं जन्मात कधी ऐकलं नव्हतं. कसं ऐकणार? तेव्हा ती झोपलेली असते!

"हे तर बेकरीचं मशीन," ती आनंदाने म्हणाली. डोळे मिटले, बोट वर केलं आणि घडाघडा सुरू झाली: "हवेची वाट तुंबलीय. आत काहीतरी सुजून आडवं बसलंय. हे जुनं दुखणं आहे. आजच्या आज उघडायला हवं. आणि हा आवाज ऐकून जो माणूस स्वस्थ बसतो ना—"

घ

 

 

 

ही रिकामी जागा मात्र खारूताईची नाही. ही कानसेनची. तो श्वास घ्यायचा विसरला होता. एवढे दिवस भिंतीपलीकडे, हातभर अंतरावर हाच आवाज होता. लोखंडाचा समजून ऐकला तर एका दमात कळला. पोरीचा म्हणून मात्र त्याने तो कधी ऐकलाच नव्हता. त्याने बायकोकडे पाहिलं. ती मोबाइल बंद करत होती.

"निदान कुणाचं आहे हे?" बाईंनी विचारलं.

"ह्यांचं," बायको म्हणाली.

"बरोबर आहे. शब्द मी जरा वेगळे वापरले असते."

मग बाईंनी त्याला समजेल असं सांगितलं. नाकाच्या मागे लहानपणी मांसाची एक गादी असते, हिची सुजून मोठी झालीय, टॉन्सिलही फुगलेत, त्यामुळे झोपेत हवेची वाट अडते. आपण तपासण्या करू, नाकात मारायचं औषध देऊन बघू, नाही भागलं तर छोटं ऑपरेशन. घाबरायचं काही नाही, पण थांबायचंही नाही.

"सर्दीत चार दिवस घोरली तर धावत येऊ नका," त्या म्हणाल्या. "पण सर्दी नसतानाही बहुतेक रोज घोरते, श्वास अडतो, दिवसा पेंगते, तर डॉक्टरला दाखवायचंच. आणि कधी श्वासासाठी धडपडताना दिसली, ओठ निळे वाटले, तर वेळबिळ घ्यायची नाही. सरळ हॉस्पिटल."

कानसेनने मान हलवली. एवढा वेळ कुणाचं बोलणं त्याने कधी ऐकून घेतलं नव्हतं. इतक्यात त्याच्या शर्टाला कुणीतरी ओढलं.

"बाबा," खारूताईने हळूच विचारलं, "मला पान्याने उघडणार?"

त्याला हसायचं होतं. जमलं नाही. त्याने तिला कडेवर घेतलं, आणि पाने सगळे बेकरीत राहिलेत, असं तिला शपथेवर सांगितलं.

बेकरीत ते खरंच राहिले होते! तो परत गेला, खोक्यांतून एकेक भाग काढून कॉम्प्रेसर जोडला, दाराचं रबर बदललं, आणि मशीन सुरू केलं. हम्म्म्म. काका म्हणाले, म्हणजे फक्त रबर? तो म्हणाला, हो. काका म्हणाले, मग गुदमरत कोण होतं? तेव्हा कानसेनने त्यांना खरं ते सांगितलं. काकांनी शिव्यांची चांगली जमवाजमव केली होती, ती गिळली, त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि दुसऱ्या हाताने क्रीम घोटायचं भांडं पुढे केलं. कारण मेकॅनिकच्या घरच्या फ्रिजमधल्या चारही ट्रेमध्ये आता क्रीम नव्हतं, दूध होतं, आणि ते दाराच्या फटीतून स्वयंपाकघर बघायला बाहेर आलं होतं. संध्याकाळपर्यंत कानसेनने इतकं क्रीम घोटलं की दुसऱ्या दिवशी त्याचं ते बोट वरच होईना. केकला लिलीचा वास येत होता. मुख्याध्यापिकांना वाटलं, मुद्दाम घातलाय. त्या गहिवरल्या.

औषधाने थोडा फरक पडला, पुरता नाही. तपासण्या झाल्या आणि ऑपरेशन ठरलं. त्या सकाळी दाराबाहेर कानसेन बाकावर बसून होता. आतून कसलाच आवाज येत नव्हता. जगातल्या सगळ्या मशीनांचा आवाज ओळखणाऱ्या माणसाला त्या दिवशी शांततेचं काही म्हणता काही कळेना! मग दार उघडलं, बाई बाहेर आल्या आणि हसल्या.

खारूताई काही दिवस थंडगार खाऊन, खुणांनी हुकूम सोडून बरी झाली. आता ती तोंड मिटून झोपते. उशी कोरडी असते, शेजारीण चावा न खाता घरी जाते, रंग गालाऐवजी कागदावर लागतो. आणि कानसेन? तो आता ती दुपारी झोपली तरी तिच्या नाकापुढे हात धरून बसतो. आवाज येत नाही म्हणून! बायको म्हणते, अहो, तिला झोपू द्या.

एवढ्यावर गोष्ट संपायला हवी होती. पण एका दुपारी कानसेन दुकानात एक डीप फ्रीझर उघडून बसला असताना मोबाइल वाजला. बायकोचा निरोप, तिच्या नव्या फोनवरून. शब्द एकही नाही, नुसता आवाज. त्याने लावला.

खर्रर्र, खर्रर्र, खर्रर्र, ख

 

 

गप्प! आणि मग, गच्चक.

हातातला पाना पडला. गिऱ्हाइकाने काय झालं विचारेपर्यंत कानसेन स्कूटरवर होता, आणि स्कूटर चौकात होती! दवाखान्यात त्याने वाटेतच फोन लावला, येतोय, आत्ताच येतोय, पुन्हा सुरू झालंय. घराच्या पायऱ्या तो कशा चढला ते पायऱ्यांनाच ठाऊक. दार ढकललं. श्वास वर लागलेला, केस उभे, हात ग्रीसने काळे.

"खारू कुठाय?"

खारूताई स्वयंपाकघरात होती. जागी, टुणटुणीत. फ्रिजला कान लावून बसली होती, डोळे मिटून, एक बोट वर करून. बायको मशीनवर गणवेशाची बाही शिवत होती. तिने मान वर केली नाही.

"घरात सांगून ऐकू येत नाही तुम्हाला," ती म्हणाली. "दुकानात येतं. म्हणून पाठवला."

फ्रिज गच्चकन थांबला. क्षणभर सगळं शांत. खारूताईचं बोट खाली आलं.

"बाबा, हवेची वाट तुंबलीय," ती गंभीरपणे म्हणाली. "मागच्या जाळीत धूळ बसलीय. जुनं दुखणं आहे. आणि हा आवाज ऐकून जो माणूस..."

"पुढचं राहू दे," कानसेन म्हणाला. त्याने आधी दवाखान्यात फोन करून काही नाही, काही नाही म्हणून सांगितलं. मग फरशीवर मांडी घातली आणि विचारलं, "स्क्रू ड्रायव्हर कुठाय?"

तो दुकानात राहिला होता.